पांढरे ठिपके

मुंगीला मुंगी हे नाव आईनं ठेवलं, आणि ते इतकं चपखल बसलं की खरं नाव फक्त बँकेत आणि दवाखान्यात वापरायला उरलं. लहानपणी ती जमिनीवर पालथी पडून फरशीतले ठिपके बोटानं जोडत बसायची. चार हाका मारल्याशिवाय ओ म्हणून द्यायची नाही. चाळिशी ओलांडली तरी ती खोड गेली नाही, उलट त्याच खोडीवर आता घर चालत होतं. मोबाइलवरच्या लहानसहान खेळांसाठी ती चित्रं काढून द्यायची: झाडं, खोकी, किल्ल्या, उड्या मारणारे बेडूक, सगळं चौकोनी ठिपक्यांचं. जवळून पाहिलं तर रंगीत चौकोनांची गिचमीड, जरा लांबून पाहिलं तर बेडूक. आईला या कामाचं भारी नवल वाटे. एवढी शिकलेली पोरगी दिवसभर ठिपके देत बसते आणि लोक वर तिचे आभार मानतात, हे तिनं शेजारणीला सांगून पाहिलं होतं, पण शेजारणीचा विश्वास बसला नव्हता.

दोघी तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. एक मोठी खोली आणि मागे स्वयंपाकघर. खोलीत खिडकीशी आईची खाट, समोरच्या भिंतीला मुंगीचं टेबल, आणि टेबलावर जुना, कायम घरघरणारा कॉम्प्युटर. आई खाटेवर बसून शर्टांना हातानं बटणांची काजं करायची. रस्त्यावरचा शिंपी गठ्ठे पाठवायचा. मशीननं काजं होतात तर हातानं कशाला, असं विचारायची सोय नव्हती. विचारणाऱ्याला आई मशीनचं काज आणि आपलं काज शेजारीशेजारी धरून दाखवायची, आणि मग त्या माणसाची लवकर सुटका नसायची. मुंगीचे वडील ती कॉलेजात असताना गेले. तेव्हापासून या दोघीच.

मुंगी ज्यावर चित्रं काढायची तो महागडा प्रोग्राम खेळ बनवणाऱ्या कंपनीनं एक दिवस द्यायचा बंद केला आणि तुमचं तुम्ही बघा म्हणून कळवलं. तिनं आधी भरपूर चिडचिड केली, मग इंटरनेट धुंडाळून एक फुकटचा प्रोग्राम शोधून काढला. फुकट म्हटलं की माणूस आधी संशय घेतो आणि मग डाउनलोड करतो. मुंगीनंही याच क्रमानं केलं. प्रोग्राम साधाच होता. डावीकडे पेन्सिल, खोडरबर आणि रंग ओतायची बादली, खाली रंगांची पट्टी, मध्ये बारीक चौकोनांचा कोरा कागद. बनवणाऱ्याचं नाव कुठं दिसेना. ‘आमच्याविषयी’ असं लिहिलेलं दाबलं तर एक रिकामं पांढरं पान उघडायचं, आणि ते बंद करायला दोनदा दाबावं लागायचं.

हात बसावा म्हणून तिनं आजूबाजूला दिसत होतं तेच काढायला घेतलं: आपली खोली. खिडकी, खाट, खाटेवर सुई-दोरा घेऊन बसलेली आई, भिंतीवरचं कॅलेंडर, कपाट, दार. स्वतःला तिनं काढलं नाही. चित्र काढणारा चित्राच्या बाहेरच बसतो, त्यात वेगळं काय करायचं? रंगही नेहमीप्रमाणे मोजकेच घेतले. या धंद्यात जितके कमी रंग तितकी शाबासकी, त्यामुळे एकच रंग चार ठिकाणी भागवायची सवय मुंगीच्या हाडीमाशी खिळली होती. एक काळा घेतला तो सगळ्या कडांना, आईच्या कानामागच्या उरल्यासुरल्या काळ्या केसांना, खाटेखालच्या अंधाराला आणि दारापलीकडच्या काळोखाला. एक पांढरा घेतला तो आईच्या पिकलेल्या केसांना, तिच्या हातातल्या दोऱ्याला आणि तिच्या दोन्ही डोळ्यांतल्या चमकेला. ती चमक म्हणजे प्रत्येक डोळ्यात एकच पांढरा ठिपका. पण तो दिला आणि चित्रातली आई एकदम बघायला लागली. मुंगी स्वतःवरच खूश झाली.

कॅलेंडरचा खिळा मात्र तिला खटकला. भिंतीवर तो एक करडा ठिपका उगाच घाण पडल्यासारखा दिसत होता. तिनं तो पुसून टाकला आणि चहा ठेवायला उठली, तर मागे सपकन आवाज झाला. कॅलेंडर खाली पडलं होतं. खिळा निघाला असेल म्हणून तिनं भिंतीवरून हात फिरवला. नुसता खिळा निघाला असता तर भोक राहिलं असतं. भिंत सपाट होती, रंगाचा पापुद्रासुद्धा उडाला नव्हता. आई म्हणाली, तिथं खिळा होताच कधी, मी तर तुला केव्हाची सांगतेय एक खिळा ठोक म्हणून.

 मुंगीनं तेच केलं जे तुम्ही-आम्ही केलं असतं: पुन्हा करून पाहिलं. चित्रातल्या खिडकीच्या कठड्यावर तिनं एक लाल ठिपका ठेवला. आईनं कठड्यावर हात टाकला आणि एक बटण उचललं. लाल, अगदी लालभडक, आणि चौकोनी. आईनं ते उलटसुलट करून पाहिलं आणि असलं काही आपल्याकडे कधीच नव्हतं म्हणत डब्यात टाकून दिलं. मुंगीनं कॉम्प्युटर बंद केला. नंतर बरेच दिवस तिनं त्या प्रोग्रामकडे ढुंकूनही पाहिलं नाही; कंपनीची कामं दुसऱ्या कुठल्या तरी भिकार प्रोग्रामवर, दात-ओठ खात उरकली.

त्या दिवसांत आईचा खोकला वाढला. आधी जिना चढताना दम लागायचा, मग स्वयंपाकघरापर्यंत जाताना लागायला लागला, आणि मग बसल्याबसल्या. पाय सुजले. एका दुपारी ती सुईत दोरा ओवता ओवता तशीच पुढे कलली, आणि मुंगीनं धरली नसती तर खाटेवरून खाली आली असती. डॉक्टर घरी येऊन तपासून गेले. जाताना ते मुंगीला जिन्यात घेऊन गेले आणि म्हणाले, की हृदय थकलंय, औषधांवर ढकलायचं तेवढं ढकलू, पण तुम्ही मनाची तयारी ठेवा. मुंगीनं मान डोलावली. तयारी कसली करायची? आईखेरीज तिला कोणी नव्हतं, आणि कधी कोणी असावं असं तिला वाटलंही नव्हतं.

आत आली तेव्हा आईला झोप लागली होती. श्वास घेताना छातीत घुर्र घुर्र वाजत होतं. मुंगी टेबलाशी बसली. कॉम्प्युटर कधी सुरू केला हे तिला नंतर आठवेना. चित्र तसंच होतं, पांढऱ्या केसांची आई खिडकीशी बसलेली. मुंगीच्या डोक्यात खिळा फिरत होता. हे चित्र वरवरचं काही करत नाही, मुळापासून करतं. खिळा पुसला तर भोकही नाही, खिळा कधी नव्हताच. मग पांढरे केसच कधी पिकले नसले तर?

रंगांच्या पट्टीत ही एक सोय असते. पट्टीतला रंग बदलला की तो रंग चित्रात जिथं जिथं वापरलाय तिथं तिथं एका क्षणात बदलतो. एकेक ठिपका रंगवत बसावं लागत नाही. मुंगीनं पांढऱ्यावर बाण नेला आणि तो खाली ओढत ओढत पार काळा करून टाकला, कडांना होता तितकाच काळा. पाठीमागे आई खोकत होती. खोकला मध्येच तुटला.

मागे वळून पाहायचा तिला धीर झाला नाही. आधी सेव्ह करू, मग बघू, वीज गेली तर सगळंच जायचं, असं म्हणत तिनं सेव्ह दाबलं. एक छोटी चौकट आली: दोन रंग एकसारखे आहेत, एकत्र करायचे का? अशा चौकटी कोण वाचतं? सगळे ‘हो’ म्हणतात आणि पुढे जातात. मुंगीनंही ‘हो’ म्हटलं आणि हाताला आणखी काही सुचू नये म्हणून प्रोग्राम बंद करून टाकला. मग वळली.

खाटेवर एक तरुण मुलगी बसली होती. काळेभोर केस पाठीवर मोकळे, पाठ ताठ, हात नितळ. जुन्या एका फोटोत मुंगीनं हिला पाहिलं होतं. श्वास इतका हलका चालला होता की ऐकूच येत नव्हता. मुंगी धावली, तिच्या गळ्यात पडली, आई आई म्हणत हसली, रडली. त्या मुलीनं हात वर केला नाही. तिच्या सुईत आता काळा दोरा होता आणि ती काज घालत होती. मुंगीनं तिची हनुवटी धरून चेहरा वर केला. डोळे काळे होते, पुरते काळे, आणि खिडकीचा एवढा लख्ख उजेड समोर असून त्या डोळ्यांत त्याचा कणही नव्हता. बंद टीव्हीसमोर उभं राहावं तसं मुंगीला वाटलं.

मुंगीनं स्वतःची समजूत घातली, की सवय होईल, हळूहळू माणसात येईल. ताट पुढे केलं की ती मुलगी जेवायची, झोप म्हटलं की झोपायची. बोलायची नाही. जिन्यात खालच्या मजल्यावरच्या घड्याळवाल्या काकांनी मुंगीला थांबवलं. तुमच्याकडे पाहुणी आलीय का, असं त्यांनी विचारलं. ते म्हणाले, मी रस्त्यावरून हात केला, ती सरळ माझ्याकडे तोंड करून बसली होती, पण पापणीसुद्धा लवली नाही तिची. मुंगीनं भाची आहे म्हणून वेळ मारून नेली. दुसऱ्या दिवसापासून काका घराकडे येताना रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं, मान खाली घालून येऊ लागले.

शेवटी मुंगीनं प्रोग्राम पुन्हा उघडला. चूक कुठं झाली हे तिला आता नीट कळलं होतं: केसांच्या पांढऱ्याबरोबर डोळ्यांतली चमकही विझली होती. केलेलं मागे घ्यायचं बटण निर्जीव पडलं होतं. प्रोग्राम एकदा बंद केला की मागचं काही त्याच्या लक्षात राहत नाही. पट्टीत पाहिलं तर पांढऱ्याचा खण गायब. दोन काळ्यांचा एक झाला होता. आता केस, चमक, कडा, खाटेखालचा अंधार आणि दारापलीकडचा काळोख, सगळं एकच. तो काळा परत पांढरा करायचा तर सगळंच पांढरं होणार. दाराबाहेर नुसतं पांढरं असेल तर काय असेल, हा विचार पुरता होण्याआधीच तिनं हात मागे घेतला.

राहिला एकच उपाय, पेन्सिल घेऊन हातानं एकेक ठिपका. तिनं पट्टीत नवा पांढरा घेतला. आणि इथं तिच्यातल्या लबाड लेकीनं विचार केला, की केसांना हात कशाला लावायचा? नुसती चमक देऊ. आई तरुण, ठणठणीत, आणि डोळ्यांत ओळख. दोन्ही हातांत लाडू. खिडकीच्या बाजूला, दोन्ही डोळ्यांत तिनं एकेक पांढरा ठिपका ठेवला.

मागे खाट करकरली. ती मुलगी मुंगीकडे बघत होती, आणि खरंच बघत होती. चेहरा मायाळू होता.

“कोण हवंय ताई तुम्हाला?” तिनं विचारलं.

 मुंगीनं सगळं सांगून टाकलं, मी तुझी मुलगी म्हणून. ती मुलगी आधी हसली, मग संकोचून खाटेवर जरा मागे सरकली. तिचं तर अजून लग्नही ठरलं नव्हतं. या बाईला ऊन लागलं असावं असं तिला वाटलं असणार. तिनं उशाशी ठेवलेल्या तांब्यातलं पाणी पेल्यात ओतून दिलं आणि बसा जरा, बरं वाटेल, असं म्हणाली. परक्या, दमलेल्या माणसाशी बोलतात तितक्याच गोडीनं. मुंगीला वाटलं, त्यापेक्षा हिनं एक थोबाडीत दिली असती तरी परवडलं असतं. केस कधी पिकलेच नव्हते, म्हणजे केस पिकवणारी वर्षंही हिला मिळाली नव्हती, आणि मुंगी त्या वर्षांतली होती.

ती टेबलाशी परत आली. कुठले ठिपके पांढरे होते हे तिला पाठ होतं; एकेक तिनंच तर दिला होता. कानशिलांपासून तिनं सुरुवात केली. थोडे ठिपके झाले तशी मागून कुजबुज आली, “हळू. आत्ताच डोळा लागलाय तिचा.” आता जरा भरलेल्या अंगाची, डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं असलेली आई खाटेवर आडवी झाली होती आणि शेजारी थोपटत होती. शेजारी काहीच नव्हतं. तळहात चादरीवर पडत होता. मग तिच्या ते लक्षात आलं. ती उठून चादर झटकू लागली, उशी उचलून पाहू लागली, खाटेखाली वाकली. मुंगीनं घाईघाईनं पुढचे ठिपके दिले.

आणि मग तिचा हात थांबला. आता आई तिच्याच वयाची दिसत होती. केस अर्धेच पिकलेले, मनगटं भक्कम, छाती भाता चालवावा तशी जोरकस. हीच आई एका हातानं पाण्याची बादली वर चढवायची. मुंगीला वाटलं, इथंच थांबावं. इथून पुढे नुसती औषधं आहेत. इथं थांबलं तर अजून कितीतरी वर्षं आहेत.

आई मात्र खिडकीतून रस्ता बघत होती आणि क्षणाक्षणाला तिचा जीव वरखाली होत होता. तिनं मुंगीला विचारलं, “बाई, माझी पोरगी शाळेतून आली नाही अजून. एवढीशी आहे, खाली बघत चालते. तुम्हाला दिसली का कुठं?”

“आई, मीच ती.”

आईनं तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “थट्टेची वेळ नाहीये ही,” ती म्हणाली, आणि चपला न घालताच दाराबाहेर गेली. लगेच त्याच दारातून ती आत आली. चित्रात ही एकच खोली होती. बाहेर जायला जागाच नव्हती. आईला ते उमगलं नाही. ती पुन्हा बाहेर गेली, पुन्हा आत आली, मुंगे, मुंगे, अशा हाका मारत, दर खेपेला जास्त घाबरी. मुंगी ओ देत होती. चार हाकांनंतर नाही, प्रत्येक हाकेला देत होती. पण आई एका लहान मुलीची ओ शोधत होती, आणि या बाईच्या आवाजाकडे तिचं लक्षच नव्हतं.

ते मुंगीला बघवेना. तिनं स्क्रीनकडे तोंड फिरवलं आणि उरलेले ठिपके देत सुटली. डोळ्यांत पाणी येऊन चौकोन एकमेकांत मिसळत होते, पण हाताला जागा ठाऊक होत्या. भांगाजवळचे, कपाळावरचे, मानेवर रुळणारे. दोऱ्याचेही दिले. मागे पावलं मंदावली. खाट करकरली, आणि आईला खोकला आला, तोच, छातीच्या तळातून येणारा. खोकल्याचा आवाज ऐकून कोणाला इतकं बरं वाटलं नसेल.

“मुंगे, किती वेळ हाका मारतेय मी तुला,” आई म्हणाली. “ओ तरी द्यावी माणसानं.”

कुठं होतीस तू, असं मुंगीनं तिच्या मांडीवर डोकं ठेवून विचारलं.

“कुठं म्हणजे? इथंच. दिवे गेले होते, काही दिसत नव्हतं.” मग तिनं शर्ट पुढे ओढला. “सर, उजेड अडवू नकोस. हे एवढं काज झालं की मोकळी झाले मी.”

मुंगीनं सेव्ह केलं, या वेळी प्रत्येक चौकट वाचून. पुढचे दिवस सुखाचे गेले, असं म्हणायला हवं. आई होती, तिला ओळखत होती, रागावत होती. किती वेळ हाका मारतेय, असं ती दुसऱ्या दिवशीही म्हणाली. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडात एखादं वाक्य बसतं, म्हणून मुंगी हसली. तिसऱ्या दिवशीही आई तेच म्हणाली, आणि त्याच्यामागून दिवे गेले होते, आणि त्याच्यामागून काज. मग मुंगीनं शर्ट पाहिला. तेच काज, अर्धं झालेलं. संध्याकाळी ते जवळजवळ पुरं व्हायचं आणि सकाळी पुन्हा अर्धं असायचं. शिंप्यानं दोनदा निरोप धाडला. मुंगीनं एके दिवशी तो शर्ट काढून कपाटात ठेवला, तर आई तशीच बसली आणि रिकाम्या हातांनी, हवेत, टाक्यामागून टाका घालत राहिली. मुंगीनं शर्ट परत तिच्या हातात दिला.

डॉक्टर येऊन तपासून गेले आणि जिन्यात म्हणाले, कमाल आहे, तसूभरही फरक नाही, असंच राहिलं तर या कितीही वर्षं काढतील. मुंगीला हवं होतं तेच तर ते बोलत होते. ती जिन्यातच भिंतीला टेकून उभी राहिली. ज्या दिवशी तिनं आईचं वय आपल्या हातात घेतलं, त्या दिवसापासून ते तिच्याच हातात राहिलं होतं. आपोआप आता एक केसही पिकणार नव्हता. तिनं ठेवली तर आई जन्मभर राहणार होती, याच दुपारी, याच काजापाशी.

आणि तिनं ठेवली. खोटं कशाला बोलायचं, बरेच दिवस ठेवली. आईनं म्हणायचं, मुंगीनं ठरलेलं उत्तर द्यायचं. तेवढं का होईना, बोलणं होतं. पण रोज दुपारी आई म्हणायची, हे एवढं काज झालं की मोकळी झाले मी, आणि असं म्हणताना तिच्या चेहऱ्यावर दमलेल्या माणसाची आशा दिसायची, अगदी नवी, पहिल्यांदाच वाटल्यासारखी. रोज ती आशा यायची आणि रोज मुंगी ती मोडायची. औषध वेळेवर देणारी, पाय चेपणारी, जिवापाड जपणारी मुंगी. एका दुपारी तिला आपल्याच हातांची किळस आली.

तिनं प्रोग्राम उघडला. आईचं डोकं मोठं करून सगळ्या स्क्रीनभर आणलं. कानामागे आणि मानेपाशी अजून काही काळे चौकोन होते. ते किती आहेत हे तिनं पाहिलं नाही, मोजायचं तर मनातही आणलं नाही. यातला एकही पूर्वी पांढरा नव्हता. हा ठिपका आठवणीतून द्यायचा नव्हता, नव्यानं द्यायचा होता. उद्याही द्यायचा होता, आणि परवाही, चौकोन संपेपर्यंत, तिच्याच हातानं. बोट माउसवर ठेवून ती बराच वेळ बसली. मागे आई तिला हाका मारत होती. मुंगीनं कानामागच्या एका चौकोनात पांढरा ठिपका दिला.

खोकल्याची उबळ आली, कालच्यापेक्षा खोल. मग दातांनी दोरा तोडल्याचा आवाज झाला.

“झालं,” आई म्हणाली.

मुंगी वळली. शर्ट घडी होऊन बाजूला पडला होता. आईनं सुई दोऱ्याच्या गुंडीला टोचून ठेवली, बोटं मोडली आणि मान वाकडी करून मुंगीकडे निरखून पाहिलं.

“इकडे ये बघू,” ती म्हणाली. “तुझेपण पिकायला लागले की गं.”

हे वाक्य तिनं आजवर कधी म्हटलं नव्हतं. मुंगी खाटेपाशी जाऊन खाली बसली. आईनं तिचं डोकं खिडकीच्या उजेडाकडे वळवलं आणि एकेक बट बाजूला करत ती बघू लागली. बोटं आता थरथरत होती, कालपर्यंत थरथरत नव्हती. मुंगीला रडू आवरेना.

“दुखतंय का?” आईनं विचारलं.

नाही म्हणून मुंगीनं मान हलवली, आणि आई बघत राहिली.